रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम : ठेक्यावर उभा असलेला संताप

ठाण्याहून पनवेलला जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल फलाट सोडते त्या क्षणी या अल्बमचे पहिले गाणे लावले, तर खांदेश्वरच्या आसपास दहावे आणि शेवटचे गाणे सुरू असते. कामानिमित्त हा प्रवास मला वारंवार करावा लागतो आणि त्या वेळात मी हा अल्बम इतक्यांदा ऐकला आहे की कोणते गाणे कोणत्या स्थानकाशी येते हे आता मला पाठ झाले आहे. लॉस एंजेलिसच्या रेज अगेन्स्ट द मशीन या चौघांच्या बँडने ३ नोव्हेंबर १९९२ रोजी स्वतःच्याच नावाने प्रसिद्ध केलेला हा पहिला अल्बम रॅप आणि मेटल या दोन शैलींच्या संगमाचा मैलाचा दगड मानला जातो, आणि त्याच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण त्याच्या राजकारणापासूनच सुरुवात करतात. माझे मत थोडे निराळे आहे. राजकारण त्यात ठासून भरलेले आहे यात शंका नाही, पण ते ऐकणाऱ्याच्या अंगात उतरते ते बेस गिटार आणि ड्रमच्या वाटेने. शब्द कळण्याच्या कितीतरी आधी मान हलू लागते, आणि मग हा माणूस एवढा कशासाठी चिडला आहे हे जाणून घ्यावेसे वाटते.

माझ्या बाबतीत तरी हा क्रम शब्दशः असाच होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ठाण्यात माझ्या एका शाळासोबत्याने हा अल्बम नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिला होता. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि अल्बम जवळजवळ त्रेपन्न मिनिटांचा, त्यामुळे नववे गाणे ऐन भरात आले की टेप खटकन थांबत असे आणि उरलेले ऐकण्यासाठी कॅसेट उलटावी लागे. सोबत ना गाण्यांचे शब्द होते ना मुखपृष्ठ. त्या वयातल्या माझ्या इंग्रजीला त्या वेगाने फेकलेले उच्चार पकडता येत नव्हते. तरीही आम्ही ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. ज्या संगीताचा अर्थ निम्माही कळत नव्हता त्याने आम्हाला इतके का धरून ठेवले, या प्रश्नाचे उत्तर मला पुढे कित्येक वर्षांनी, चांगल्या यंत्रणेवर शांतपणे ऐकल्यावर सापडले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांची २९ एप्रिल १९९२ रोजी सुटका झाली आणि लॉस एंजेलिस पेटले. हा अल्बम त्याच वर्षी, त्याच शहरात घडला. गायक झॅक दे ला रोचा हा मेक्सिकन-अमेरिकन घरातला, त्याचे वडील बेटो हे 'लॉस फोर' या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, चित्रकारांच्या गटातले. गिटारवादक टॉम मोरेलो याचे वडील केनियाचे मुत्सद्दी, आई शाळेत शिक्षिका, आणि त्याने स्वतः १९८६ साली हार्वर्डमधून समाजशास्त्रांची पदवी घेतलेली. बेसवर टिम कॉमरफर्ड आणि ड्रमवर ब्रॅड विल्क. अल्बमच्या वेष्टनावर एक सूचना छापलेली आहे की या ध्वनिमुद्रणात सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले तुकडे), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. त्या एका वाक्याचे महत्त्व पुढे सांगेन, कारण ते माहीत नसलेल्या माणसाला अर्ध्या अल्बमवर विश्वास बसणार नाही.

मुखपृष्ठाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर रस्त्यात थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्खूंनी दक्षिण व्हिएतनामच्या सरकारकडून बौद्धांवर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ आत्मदहन केले. छायाचित्रकार माल्कम ब्राउन यांनी टिपलेले ते दृश्य या अल्बमवर आहे. ज्वाळांच्या मधोमध भिक्खू पद्मासनात स्थिर बसलेले आहेत. कॅसेट झिजल्यावर त्या मित्राने बऱ्याच महिन्यांनी पैसे साठवून सीडी आणली आणि त्याच्या कळव्याच्या घरी आम्ही ती जमिनीवर बसून उलगडून पाहत होतो. त्याची आई चहा घेऊन आली, चित्राकडे पाहून थबकली आणि म्हणाली, "हे भन्तेजी कोण रे?" त्याने जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. तिने ती डबी उचलली, पदराने पुसली आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर नेऊन ठेवली. "ऐकायची तेव्हा इथून घ्या आणि परत इथेच ठेवा, खाली जमिनीवर टाकू नका," एवढेच ती बोलली. आतल्या संगीताशी तिचा काही संबंध नव्हता, पण ते चित्र कोणत्या मोलाचे आहे हे तिला आमच्यापेक्षा लवकर कळले होते. त्या दिवसापासून या अल्बमकडे नुसता धांगडधिंगा म्हणून पाहणे मला जमलेले नाही.

आता संगीताकडे येतो. पहिले गाणे 'बॉम्बट्रॅक' सुरू होते तेव्हा गिटार आणि बेस एकच चाल दबक्या आवाजात, ओठ मिटून बोलल्यासारखी वाजवतात, आणि काही आवर्तने तशी गेल्यावर सगळी वाद्ये एकदम खुलतात. आवाज आधी रोखून धरायचा, ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावायची आणि मग समेवर सर्वांनी मिळून यायचे, हे या बँडचे मूळ तंत्र आहे. मेटल म्हटले की पहिल्या क्षणापासून भिंतीसारखा आवाज अंगावर येणार अशी आपली समजूत असते. इथे दोन आघातांच्या मध्ये जागा मोकळी सोडलेली असते, आणि ती मोकळी जागाही तालात मोजलेली असते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे 'किलिंग इन द नेम'. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवून हे गाणे बांधलेले आहे, त्यामुळे त्याच्या मुख्य चालीला एक खर्जातला जडपणा आहे. सुरुवातीला गिटारचे तोडून तोडून मारलेले आघात येतात, मग बेस एकटा पुढे होतो आणि विल्क काउबेलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या घंटेवर, ठेका धरतो. माझा भाचा घोडबंदर रस्त्याकडच्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या सरावाचे दिवस चालू असताना, मी त्याला हे गाणे ऐकवले. तो गिटारबद्दल काहीच बोलला नाही. त्याने डोळे मिटून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, "मामा, टोल बघ ना, कुणाला पळूच देत नाहीये." पथकात उत्साहाच्या भरात सगळ्या ढोलांची लय वाढू लागते तेव्हा टोलवर वाजवणाऱ्याने जे भान राखायचे असते, तेच भान काउबेल राखते आहे, हे त्याने पहिल्याच ऐकण्यात ओळखले. ब्रॅड विल्कचे मोठेपण मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. तो कधीही कसरत करून दाखवत नाही. त्याचा ठोका किंचित मागे रेललेला, जड आणि ठाम असतो, आणि गायक कितीही बेभान झाला तरी त्याच्या पायाखालची जमीन हलत नाही.

या गाण्यात शब्द अगदी मोजके आहेत. पोलिसांच्या वर्दीतले काही जण आणि वर्णद्वेषी टोळ्यांचे क्रूस जाळणारे लोक एकच आहेत, हा आरोप दोन-तीन ओळींत पुन्हा पुन्हा केला जातो. अखेरीस हुकूम मानण्यास नकार देणारी एक ओळ, तिच्यातल्या शिवीसकट, सोळा वेळा येते. पहिल्यांदा ती शेजारी बसलेल्याला सांगावी तशी येते, नंतर प्रत्येक वेळी आवाज एकेक पायरी चढतो, ड्रम भरत जातात आणि शेवटी गळा फाटेल अशी किंकाळी होते. सोळा वेळा तीच ओळ म्हणणे कागदावर कंटाळवाणे वाटेल, पण खालच्या ठेक्याने ती पेललेली असल्यामुळे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा जास्त वजनाचे वाटते. २००९ साली, म्हणजे सतरा वर्षांनी, ब्रिटनमधल्या श्रोत्यांनी मोहीम चालवून हेच गाणे नाताळच्या आठवड्यात तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले.

टॉम मोरेलोच्या गिटारबद्दल बोलताना वेष्टनावरची ती सूचना आठवावी लागते. 'नो युवर एनिमी', म्हणजे 'आपला शत्रू ओळखा', या गाण्याची सुरुवात ऐकून हा सिंथेसायझरच असणार अशी माझी खात्री होती. खरी युक्ती फार साधी आहे. दोन पिकअप, म्हणजे तारांचे कंपन पकडणारे भाग, असलेल्या गिटारवर एका पिकअपचा आवाज पूर्ण बंद करायचा, दुसऱ्याचा पूर्ण चालू ठेवायचा आणि मधला स्विच बोटाने वेगाने इकडून तिकडे हलवायचा. आवाज चालू-बंद, चालू-बंद होत राहतो आणि सलग स्वराचे बारीक बारीक तुकडे पडतात. याच स्विचबरोबर दुसऱ्या हाताने तारा घासल्या की तबकडी मागेपुढे फिरवणाऱ्या डीजेचा आवाज निघतो. त्याच्या पायाखालचे व्हॅमी पेडल दाबले की स्वर एकदम एक किंवा दोन सप्तके वर उडतो, आणि त्यातून भोंग्यासारखे, पक्ष्याच्या चीत्कारासारखे आवाज निर्माण होतात. वागळे इस्टेटच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानात कारखान्यांच्या पाळ्यांचे भोंगे आणि यंत्रांची घरघर कायमची बसलेली आहे. पुढे त्यातले अनेक कारखाने बंद झाले आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. मोरेलोची गिटार ऐकताना मला आजही ते आवाज आठवतात. हिपहॉपमधला डीजे हटवून त्याची जागा गिटारने भरून काढण्याची ही कल्पना नुसती चमत्कृती राहिलेली नाही, कारण तो हे आवाज नेहमी ठेक्याच्या चौकटीत वाजवतो आणि काम झाले की लगेच मूळ चालीवर परततो.

कॉमरफर्डच्या बेसला मात्र हवे तेवढे श्रेय मिळत नाही. 'टेक द पॉवर बॅक' अंगठ्याने तारेवर चापट मारून वाजवलेल्या फंक शैलीच्या बेसने सुरू होते, आणि शाळेत एकाच संस्कृतीच्या चष्म्यातून शिकवल्या जाणाऱ्या इतिहासावरचे हे गाणे नाचता येईल इतके लवचिक झाले आहे. 'बुलेट इन द हेड' टीव्हीवरून सांगितले जाते ते निमूटपणे मानणाऱ्या समाजावर आहे. आखाती युद्ध तेव्हा नुकतेच, १९९१ साली, अमेरिकेच्या घराघरांतल्या पडद्यांवरून दाखवले गेले होते. या गाण्यात बेसची एक संथ, गोलाकार चाल बराच वेळ फिरत राहते, गिटार तिच्याभोवती नुसते ओरखडे काढते, आणि उत्तरार्धात चाल बदलून सगळे मिळून असे काही कोसळतात की ऐरोली-रबाळेच्या मध्ये उभ्याने प्रवास करतानाही मी वरची कडी घट्ट धरतो. विलंबितातून द्रुतात जाण्याचा आनंद ज्यांना शास्त्रीय मैफलीतून ठाऊक आहे, त्यांना हे गाणे परके वाटणार नाही असे मला मनापासून वाटते.

'सेटल फॉर नथिंग' हे अल्बममधले सर्वांत संथ आणि उदास गाणे आहे. मोडक्या घरातून टोळीकडे वळलेल्या मुलाची ती व्यथा आहे, आणि मधला गिटारचा तुकडा जवळजवळ जॅझच्या वळणाचा, स्वच्छ सुरांचा आहे. 'वेक अप' हा माझ्या मते संपूर्ण अल्बमचा कळस आहे. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १९५६ ते १९७१ या काळात चळवळी मोडून काढण्यासाठी कॉइंटेलप्रो नावाची गुप्त मोहीम राबवली होती. कृष्णवर्णीयांच्या चळवळीला एकत्र आणेल असा नेता उभा राहू देऊ नये, अशा आशयाच्या त्या खात्यातल्या टिपणाचा मजकूर या गाण्याच्या मध्यात वाचला जातो. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांच्या हत्यांकडे गायक थेट बोट दाखवतो. त्या वाचनाच्या वेळी वाद्ये खाली उतरतात, सरकारी भाषेतला तो कोरडा मजकूर कानावर पडतो, आणि त्यानंतर जो स्फोट होतो तो पटतो, कारण कशाबद्दल राग आहे हे आपल्याला नुकतेच पुराव्यानिशी ऐकवलेले असते. 'द मॅट्रिक्स' या १९९९च्या चित्रपटाच्या अखेरीस हे गाणे अनेकांनी ऐकले असेल, पण तिथे त्याचा हा गाभा सहज निसटतो.

याच ठिकाणी मला एक तक्रारही नोंदवायची आहे. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी राजकीय गाण्याचा जो वस्तुपाठ घालून दिला, त्यात घटना असते, गाव असते, माणसे असतात. शाहीर गोष्ट सांगतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. झॅक दे ला रोचाच्या आवाजात शाहिराचा जोम पुरेपूर आहे. शब्द ठोक्यावर आदळण्याची त्याची जाण अचूक आहे, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे मुद्दाम रोखायचा हे त्याला उत्तम कळते, आणि तो स्वतःच्या ओळीनंतर स्वतःच झीलकऱ्याचे काम करतो. परंतु 'वेक अप' वगळता त्याची बरीच गाणी घोषणेच्या पातळीवर थांबतात. शत्रू कोण हे तो ठणकावून सांगतो, पण तो अन्याय कुणाच्या घरात, कोणत्या दिवशी शिरला हे क्वचितच सांगतो. 'फ्रीडम' या शेवटच्या गाण्याच्या चित्रफितीत लेनर्ड पेल्टियर या मूलनिवासी कार्यकर्त्याचा खटला मांडला आहे. दोन एफबीआय अधिकाऱ्यांच्या हत्येबद्दल १९७७ साली दोषी ठरलेले पेल्टियर २०२५ साली शिक्षा शिथिल झाल्यावर तुरुंगातून घरी परतले. इतकी मोठी कहाणी हाताशी असताना ती गाण्याच्या शब्दांत आली असती तर त्या गाण्याचे वजन किती वाढले असते, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

उणिवा आणखीही आहेत. 'फिस्टफुल ऑफ स्टील' हे आठवे गाणे इतरांच्या तुलनेत फिके आहे. शांत सुरुवात, हळूहळू चढ आणि शेवटी स्फोट हा साचा सात-आठ गाण्यांनंतर आधीच ओळखू येतो. गाण्याच्या अंगाने, म्हणजे सुरेलपणाच्या दृष्टीने, झॅकच्या गळ्याचा पल्ला मर्यादित आहे, आणि म्हणूनच 'नो युवर एनिमी'च्या मध्यावर टूल या बँडचा मेनार्ड जेम्स कीनन क्षणभर गायला येतो तेव्हा खिडकी उघडल्यासारखे वाटते. भांडवलशाहीवर तुटून पडणाऱ्या बँडने सोनीच्या मालकीच्या एपिक या कंपनीतर्फे अल्बम काढावा यावर जुना आक्षेप आहे. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही, पण ती कंपनी नसती तर कळव्यातल्या त्या खोलीपर्यंत हा अल्बम पोहोचला नसता, हेही तितकेच खरे आहे.

ध्वनिमुद्रणाची बाजू स्वतंत्रपणे वाखाणण्याजोगी आहे. निर्मिती गार्थ रिचर्डसन यांची आणि मिक्सिंग अँडी वॉलेस यांचे आहे. वॉलेस यांनीच त्याच्या आदल्या वर्षी 'निर्वाना' या बँडच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमचे मिक्सिंग केले होते. या अल्बममध्ये हळू आवाज खरोखर हळू आहे आणि मोठा आवाज खरोखर मोठा आहे. पुढच्या काळात सगळेच आवाज दाबून एकाच उंचीवर आणण्याची जी रीत पडली तिचा इथे मागमूस नाही. स्नेअर ड्रमचा आघात कोरडा आणि जवळून आल्यासारखा लागतो, बेसच्या तारेची थरथर वेगळी ऐकू येते, गिटार एका बाजूला ओरखडे काढत असताना आवाज मधोमध स्वच्छ उभा राहतो. स्पीकर पारखण्यासाठी जाणकार हा अल्बम लावतात, ते उगाच नाही. म्हणूनच मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तो ऐकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथे बेस नाहीसा होतो आणि उरतो तो नुसता आरडाओरडा. लोकलमध्ये ऐकायचा असेल तर कानात नीट बसणारे इअरफोन हवेत, आणि घरी ऐकायचा असेल तर आवाज थोडा चढवावा लागतो, कारण हळू भाग ऐकू यावेत इतपत तो ठेवला तरच पुढच्या चढाला अर्थ येतो. शेजाऱ्यांची सोय पाहून रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी तो लावतो.

विकत घेणाऱ्यांसाठी सांगायचे तर २०१२ साली, वीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघालेल्या आवृत्तीत मूळ दहा गाण्यांबरोबर बँडच्या सुरुवातीच्या डेमोचे ध्वनिमुद्रणही आहे. ज्यांना ही गाणी घडताना कशी होती याचे कुतूहल आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मात्र मूळ दहा गाणी पुरेशी आहेत, आणि ती क्रमानेच ऐकावीत. घरात लहान मुले असतील तर शिव्यांचा विचार आधी करावा. माझ्यापुरते सांगायचे तर मी सर्वाधिक वेळा परत जातो ते नवव्या गाण्याकडे. 'टाउनशिप रिबेलियन' हे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धचे गाणे आहे, आणि ते प्रसिद्ध झाले तेव्हा तिथे सर्वांना मतदानाचा हक्क मिळालेली पहिली निवडणूक अजून दीड वर्ष दूर होती. कॅसेटवर हेच गाणे अर्ध्यात तुटत असे. ते आता सलग वाजते, पण टेप जिथे थांबायची ती जागा आली की माझा हात अजूनही कॅसेट उलटण्यासाठी किंचित पुढे होतो.